परदेशी पोलिसांना ड्रोनविरोधी यंत्रणा विकायची आहे? बेळगावच्या कारखानदारानं कुठून सुरुवात करावी

उद्यमबाग, मच्छे, होनगा, बेळगावच्या कुठल्याही औद्योगिक वसाहतीत गेलं तरी हल्ली एक प्रश्न हमखास येतो. ‘अँटी-ड्रोनमध्ये शिरायचं काय ओ?’ विचारणारा बहुतेक तिशीतला असतो, वडिलांची फाउंड्री किंवा मशीन शॉप नुकतंच हातात आलेला. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी एका रात्रीत ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन आल्याचं सरकारनं सांगितलं, तेव्हापासून या धंद्याकडे सगळ्यांचं लक्ष गेलंय. परदेशातल्या पोलिसांकडून मागणी वाढतेय असंही कानावर येतं, आणि ते खरं आहे.

मी गेली काही वर्षं ड्रोन शोधणाऱ्या यंत्रणांची अ‍ॅल्युमिनियमची हाउसिंग आणि ब्रॅकेट बनवून देतो. ज्या कंपनीला देतो ती पुढं परदेशात माल पाठवते. माझं मत आधीच सांगतो. शिरा, पण जॅमरची, म्हणजे ड्रोनचा रेडिओ संपर्क तोडणारी, बंदूक विकायचं स्वप्न घेऊन शिरू नका. आपल्या भागाला जागा आहे ती ड्रोन शोधणाऱ्या यंत्रणेत आणि तिला उभं करणाऱ्या धातूकामात. ते कसं साधायचं हे क्रमानं लिहितो.

पहिली पायरी: पोलिसांना काय हवंय ते ओळखा

लष्कराचं आणि पोलिसांचं दुखणं वेगळं आहे. सीमेवर आलेला ड्रोन पाडला की काम झालं. पोलिसांना जो ड्रोन रोखायचा असतो, त्याच्याखाली मात्र माणसं असतात. भरलेल्या स्टेडियमवर दोन किलोचा ड्रोन शंभर मीटरवरून कोसळला तर तोच अपघात. म्हणून पोलीस अधिकारी पहिला प्रश्न ‘पाडायचा कसा?’ असा विचारत नाही. तो विचारतो, ‘उडवणारा कुठं उभा आहे?’

लंडनजवळचा गॅटविक विमानतळ आठवा. १९ ते २१ डिसेंबर २०१८ या काळात ड्रोन दिसल्याच्या तक्रारींमुळं सुमारे १,००० उड्डाणं विस्कळीत झाली आणि जवळपास १ लाख ४० हजार प्रवासी अडकले. एका जोडप्याला पकडलं, पण पुराव्याअभावी सोडावं लागलं. उडवणारा सापडलाच नाही. २२ सप्टेंबर २०२५ ला कोपनहेगन विमानतळ काही तास बंद राहिला आणि पुढच्याच महिन्यात म्युनिकमध्येही तसंच झालं. तुरुंगांचा त्रास याहून रोजचा आहे. रात्री ड्रोनला दोरी बांधून मोबाइल आणि अमली पदार्थ थेट खिडकीपर्यंत पोचवले जातात. इंग्लंड-वेल्समध्ये तर जानेवारी २०२४ पासून बंदिस्त तुरुंगांभोवती ४०० मीटरची उड्डाणबंदी लागू करावी लागली.

या सगळ्यातून पोलिसांच्या मागण्या निघतात: ड्रोन लवकर कळावा, उडवणाऱ्याची जागा नकाशावर दिसावी, आणि कोर्टात टिकेल अशी वेळेसकट नोंद राहावी. यंत्र गाडीत बसावं, दोन शिपायांनी पंधरा मिनिटांत उभं करावं, पावसात चालावं. शेवटच्या दोन मागण्या वाचताना माझ्या डोळ्यांसमोर उद्यमबाग येते.

दुसरी पायरी: साखळीतली आपली कडी निवडा

ड्रोनविरोधी यंत्रणा म्हणजे एकच यंत्र असत नाही. ड्रोन आणि त्याचा रिमोट बहुतेक २.४ किंवा ५.८ गिगाहर्ट्झवर बोलतात. ते बोलणं नुसतं ऐकणारा रिसीव्हर ही पहिली कडी. पोलिसांसाठी हा सगळ्यात उपयोगी प्रकार, कारण तो स्वतः काहीच प्रक्षेपित करत नाही आणि रिमोटची दिशाही सांगतो. शिवाय अमेरिकेत आणि युरोपात आता बहुतेक ड्रोनना उडताना स्वतःची ओळख आणि जागा सांगावी लागते, तीही पकडता येते. पण आधीच मार्ग भरून सोडलेला ड्रोन, किंवा मागं ऑप्टिकल फायबरची तार सोडत जाणारा ड्रोन रेडिओवर बोलतच नाही. तिथं रडार लागतं. रडारला पक्षी आणि ड्रोन यांतला फरक पटकन कळत नाही, म्हणून वर कॅमेरा लागतो. हे सगळं जोडून एका पडद्यावर दाखवणारं सॉफ्टवेअर वेगळं. जॅमर, जाळी फेकणारी यंत्रं, ड्रोनचा ताबा घेणारी यंत्रणा हे सगळं त्यानंतर येतं.

पूर्ण यंत्रणा विकणारे मोठे खेळाडू ठरलेले आहेत. ऑस्ट्रेलियाची ड्रोनशील्ड, इस्रायलची डी-फेंड, अमेरिकेत अ‍ॅक्सॉननं २०२४ मध्ये विकत घेतलेली डेड्रोन. आपल्याकडं डीआरडीओनं विकसित केलेली आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स बनवत असलेली डी-फोर यंत्रणा आहे, हैदराबादची झेन टेक्नॉलॉजीज आहे. यांच्याशी रडारवर किंवा सॉफ्टवेअरवर टक्कर घ्यायची आपली ताकद आज नाही.

पण प्रत्येक अँटेनाला खांब लागतो. पोलिसांच्या गाडीवर पाच-सहा मीटर वर जाणारा, वाऱ्यात न डुलणारा, घडी होऊन छतावर बसणारा टेलिस्कोपिक मास्ट लागतो. बेळगाव हे हायड्रॉलिक्सचं गाव आहे. सिलिंडर, होनिंग, सील या गोष्टी इथल्या पोरांना शिकवाव्या लागत नाहीत. कॅमेरा फिरवणारा पॅन-टिल्ट हेड, त्याचा गिअर, त्याचं कास्टिंग, रिसीव्हरचं हाउसिंग, गाडीवरचे ब्रॅकेट, वाहतुकीच्या पेट्या, हे सगळं इथं होतं. हत्तरगीच्या सेझमधून एअरबसच्या विमानांचे भाग जातात, तर हे काम अवघड मानायचं कारण नाही. इलेक्ट्रॉनिक्ससाठी बंगळूरची एखादी छोटी कंपनी सोबत घ्या. आठ-नऊ तासांचा रस्ता आहे.

जॅमरबद्दल स्पष्ट सांगतो. भारतात जॅमर ठेवणं, विकणं, वापरणं सरकारी परवानगीशिवाय बेकायदेशीर आहे, आणि खासगी माणसाला ती मिळत नाही. सरकारी यंत्रणांनाही मंत्रिमंडळ सचिवालयाच्या नियमांनुसारच तो घेता येतो. ‘नमुना म्हणून एक बनवून बघू’ असं म्हणून शेडमध्ये ट्रान्समीटर चालू करू नका. सांबऱ्याचा विमानतळ जवळ आहे आणि विमानं जीपीएसवर अवलंबून असतात.

तिसरी पायरी: देश निवडताना आधी त्यांचा कायदा वाचा

इथं बहुतेकांची चूक होते. बाजार किती मोठा आहे हे बघतात, पण त्या पोलिसांना ते यंत्र वापरायचा अधिकार आहे का हे बघत नाहीत.

अमेरिका हे याचं मोठं उदाहरण. तिथं १९३४ च्या कम्युनिकेशन्स अ‍ॅक्टखाली रेडिओ संदेशात जाणूनबुजून अडथळा आणणं गुन्हा आहे आणि जॅमरची जाहिरात करायलासुद्धा मनाई आहे. २०१८ च्या कायद्यानं ड्रोन रोखायचे अधिकार दिले, ते गृहसुरक्षा आणि न्याय या संघीय खात्यांना. राज्यांचे आणि शहरांचे पोलीस बराच काळ त्याबाहेर राहिले. शोधणारी यंत्रणा त्यांना त्या काळातही घेता येत होती, तरी वकिलाचा सल्ला घेऊनच. ही गोष्ट कळली की कोटेशनमध्ये काय लिहायचं आणि काय गाळायचं हे आपोआप ठरतं.

ब्रिटनमध्ये २०२१ च्या कायद्यानं पोलिसांना ड्रोन खाली उतरवायला लावण्याचे आणि झडतीचे अधिकार मिळाले. जर्मनीनं २०२५ च्या शरद ऋतूतल्या घटनांनंतर संघीय पोलिसांना ड्रोन पाडण्याचा अधिकार देणारा कायदा पुढं आणला. युरोपीय संघात साध्या रेडिओ उपकरणाला रेडिओ उपकरणांच्या निर्देशाप्रमाणं सीई हे नियमपूर्तीचं चिन्ह लागतं. केवळ सार्वजनिक सुरक्षेसाठी वापरायची उपकरणं त्यातून वगळलेली आहेत. पण ‘आमचं वगळलेलं आहे’ हे तुम्ही म्हणून चालत नाही, खरेदी करणाऱ्या खात्यानं ते लेखी मान्य करायला हवं.

माझा सल्ला असा, की पहिल्या खेपेला दोनच देश निवडा. एक आखातातला किंवा शेजारचा, जिथं भारतीय मालाची ओळख आहे. दुसरा युरोपातला, जिथं तुम्ही थेट पोलिसांना न विकता तिथल्या यंत्रणा बनवणाऱ्या कंपनीला भाग पुरवाल. दुसरा रस्ता संथ आहे, पण तिथल्या एका चांगल्या शेऱ्यावर पुढची दारं उघडतात. चिनी भाग नकोत ही अट आता अनेक सरकारी खरेद्यांमध्ये दिसते, त्यामुळं कच्चा माल कुठून आला, बेअरिंग कुठलं, कनेक्टर कुठला, याची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा. ज्याच्याकडं ही वही तयार असते, त्याला बोलावणं लवकर येतं.

चौथी पायरी: स्कोमेट

या पायरीवर वेळ द्या, बाकी सगळं याच्यावर उभं आहे.

लष्करी किंवा दुहेरी उपयोगाच्या वस्तूंच्या निर्यातीसाठी भारताची स्कोमेट नावाची यादी आहे. तुमची वस्तू यादीत असली तर परवान्याशिवाय ती बाहेर जात नाही. सहाव्या वर्गात लष्करी सामग्री आहे आणि तिचा परवाना संरक्षण उत्पादन विभाग देतो. उपग्रह नेव्हिगेशन जाम करणारी उपकरणं आणि त्यांच्यासाठी खास बनवलेले भाग इथं येतात. आठव्या वर्गात दुहेरी उपयोगाच्या वस्तू आहेत आणि तिथला परवाना डीजीएफटीकडून, म्हणजे परदेशी व्यापार महासंचालनालयाकडून मिळतो. डिसेंबर २०१७ मध्ये भारत वासेनार व्यवस्थेत, म्हणजे अशा निर्यातीवर नियंत्रण ठेवणाऱ्या देशांच्या गटात, सामील झाला, त्यामुळं ही यादी बरीचशी आंतरराष्ट्रीय यादीशी जुळते.

‘आमचं यंत्र फक्त ऐकतं, म्हणजे आम्ही मोकळे’ असं समजू नका. ३० मेगाहर्ट्झच्या वर चालणारी, अगदी क्षणभर येणाऱ्या अनोळखी संदेशाचीही दिशा काढणारी काही यंत्रं आठव्या वर्गातच आहेत. तुमचा रिसीव्हर त्या तांत्रिक मर्यादेच्या अलीकडं आहे की पलीकडं, हे इलेक्ट्रॉनिक्सवाल्या भागीदाराकडून कागदावर घ्या. साधा खांब किंवा साधी पेटी बहुधा यादीबाहेर राहते, पण ‘अमुक जॅमरसाठी खास डिझाइन केलेलं हाउसिंग’ राहीलच असं नाही. शंका असली तर डीजीएफटीला लेखी विचारा आणि उत्तर फाईलला लावा.

आणखी एक गोष्ट आपल्याकडं बहुतेकांना माहीत नसते. निर्यात म्हणजे फक्त पेटी नव्हे. स्कोमेटमधल्या वस्तूचं ड्रॉइंग परदेशी ग्राहकाला ईमेलनं पाठवलं तरी ती तंत्रज्ञानाची निर्यात होते. प्रदर्शनात दाखवायला यंत्र नेऊन परत आणायचं असलं तरी परवानगी लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘सर, थ्रीडी मॉडेल पाठवलंय’ म्हणायची आपली सवय इथं महागात पडू शकते. ड्रॉइंग कुणाला, कधी, कुठलं व्हर्जन गेलं याची नोंद एकाच माणसाकडं ठेवा.

अर्जासोबत खरेदीदाराचं अंतिम वापराचं प्रमाणपत्र लागतं. ते पोलीस खात्याच्याच लेटरहेडवर, अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा, सही-शिक्क्यासह हवं. मध्यस्थानं दिलेल्या कागदावर भागत नाही. परवान्याला वेळ लागतो, म्हणून माल देण्याची तारीख परवान्याच्या तारखेपासून मोजायची, ऑर्डरच्या तारखेपासून नाही. हे कोटेशनमध्येच छापून टाका. बाकी आयईसी हा आयात-निर्यात क्रमांक, जीएसटीचं एलयूटी हे हमीपत्र, हे नेहमीचं, तुमच्या सीएला पाठ आहे.

पाचवी पायरी: माल टिकायला हवा

माझा पहिला लॉट ४० हाउसिंगचा होता. आत रिसीव्हर बसणार, म्हणून पेटीच्या दोन अर्ध्यांमध्ये एक खाच आणि त्या खाचेत धातूचे कण मिसळलेलं सिलिकॉनचं गॅस्केट. बाहेरचा रेडिओ गोंगाट आत शिरू नये म्हणून ते गॅस्केट दोन्ही बाजूंच्या उघड्या धातूला टेकायला हवं. ड्रॉइंगवर ‘खाचेत पावडर कोटिंग नको’ असं लिहिलं होतं, पण कोपऱ्यात, बारीक अक्षरात, इंग्रजीत. कोटिंगवाल्यानं माल आणून दिला तेव्हा तो मनापासून खूश होता. ‘मालक, एक कण जागा सुटली नाही बघा, खाचेतसुद्धा बसवलंय.’ पाहणीत सगळा लॉट नापास. आम्ही रंग खरवडून काढायचा प्रयत्न केला, तर खाचेची खोली बिघडली. चाळीसच्या चाळीस भंगारात गेले. त्या माणसाची चूक नव्हती, त्यानं त्याचं काम चोखच केलं होतं.

त्यानंतर आम्ही खाचेला पावडर कोटिंगआधी मास्किंगची टेप लावून देतो आणि प्रत्येक तुकड्यावर तीन भाषांत चिकटपट्टी लावतो: ‘इथं रंग नको’, ‘इल्लि बण्ण बेड’, ‘यहाँ रंग नहीं’. शॉपवर मराठी, कन्नड आणि उत्तरेकडून आलेली अशी सगळीच पोरं असतात. या साध्या पट्टीनंतर त्या कारणासाठी एकही तुकडा परत आलेला नाही.

कास्टिंगमधल्या बारीक छिद्रांचं दुसरं दुखणं. डोळ्यांना दिसत नाही, रंगाखाली झाकलं जातं, आणि पहिल्या पावसात आत थेंब साचतात. आयपी६७ या पाणीरोधक दर्जाची अट म्हणजे पेटी एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकली पाहिजे. आम्ही रंगाआधीच पेटीत हलका हवेचा दाब देऊन ती पाण्याच्या टाकीत बुडवतो आणि बुडबुडे बघतो. किणयेच्या रस्त्यावरचा पावसाळा ज्यानं बघितलाय त्याला ही चाचणी समजावून सांगावी लागत नाही. रेडिओ हस्तक्षेपाच्या चाचण्या मात्र नावाजलेल्या प्रयोगशाळेतच करा. पुण्याला एआरएआय आहे, मुंबईला समीर आहे. खर्च वाटतो, पण त्या अहवालाशिवाय युरोपातली कंपनी दुसरा ईमेल करत नाही.

बॅटरी पाठवत असाल तर यूएन ३८.३ या लिथियम बॅटरीच्या वाहतूक-सुरक्षा चाचणीचा सारांश पेटीसोबत हवाच. नुसती लिथियम-आयन बॅटरी विमानानं जाणार असेल तर ती ३० टक्क्यांच्या वर चार्ज करून पाठवता येत नाही. आमची एक पेटी या एका कागदासाठी विमानतळावर पडून राहिली आणि ग्राहकाचा डेमो हुकला.

सहावी पायरी: दारापर्यंत पोचणं

परदेशी पोलीस इंडियामार्टवरून खरेदी करत नाहीत. त्यांच्या निविदा ठरलेल्या जागी निघतात: युरोपीय संघाच्या टेड या पोर्टलवर, ब्रिटनच्या फाइंड अ टेंडरवर, अमेरिकेच्या सॅमवर, संयुक्त राष्ट्रांच्या यूएनजीएमवर. नोंदणी करा आणि सहा महिने फक्त वाचा. कुठल्या चाचण्या मागतात, किती वर्षांची वॉरंटी, सुटे भाग किती वर्षं, हे सगळं त्यातून फुकट शिकायला मिळतं. जुन्या निविदांमध्ये कुणाला काम मिळालं तेही दिसतं, आणि तोच तुमचा खरा ग्राहक असू शकतो.

प्रदर्शनांपैकी पॅरिसचं मिलिपोल विषम वर्षी नोव्हेंबरात भरतं. न्यूरेंबर्गला एन्फोर्स टॅक, दुबईला इंटरसेक आणि वर्ल्ड पोलीस समिट असतं. ब्रिटनच्या गृह खात्याच्या सिक्युरिटी अँड पोलिसिंग प्रदर्शनात मंजुरीशिवाय प्रवेश नाही. पहिल्या वर्षी स्टॉल घेऊ नका. नुसते फिरा, बॅगेत एक नीट मशीन केलेलं सॅम्पल ठेवा. चांगली फिनिश हातात घेतली की समोरच्या इंजिनिअरचा चेहरा बदलतो, ते ब्रोशरनं होत नाही. त्यांच्या बजेटची वर्षंही लक्षात ठेवा: अमेरिकेचं संघीय वर्ष ऑक्टोबरला सुरू होतं, जर्मनीचं जानेवारीला, ब्रिटनचं एप्रिलला. वर्ष संपायच्या आधीचे दोन महिने उरलेला पैसा हलतो.

इंटरपोलनं सप्टेंबर २०२१ मध्ये ऑस्लोच्या चालू विमानतळावर वेगवेगळ्या ड्रोनविरोधी यंत्रणा तपासल्या आणि पोलिसांसाठी अहवाल काढला. तो मिळवून वाचा. कुठलाही एकच सेन्सर पुरेसा नाही हे त्यात ठळकपणे कळतं, आणि म्हणूनच जोडणीच्या कामाला, म्हणजे खांब, माउंट, गाडीतली बसवणी याला, किंमत येते.

सातवी पायरी: पैसे आणि नंतरची सेवा

सरकारी खाती पैसे देतात, पण उशिरा. पहिल्या ऑर्डरला एलसी, म्हणजे बँकेचं हमीपत्र मागा, आणि ते शक्य नसेल तर ईसीजीसी या सरकारी निर्यात-विमा कंपनीचं संरक्षण घ्या. किंमत सांगताना फक्त यंत्राची सांगू नका. सुटे सील, एक जादा मोटर, बसवणीचं प्रशिक्षण, तीन वर्षांची देखभाल, हे वेगवेगळ्या ओळींत लिहा. खरं टिकाऊ उत्पन्न तिथंच आहे. वापराची पुस्तिका त्यांच्या भाषेत द्या, आणि तिचा अनुवाद तिथल्याच माणसाकडून करून घ्या.

आठवी पायरी: कुणाला नाही म्हणायचं

मागच्या वर्षी एका मध्यस्थाचा फोन आला. खांब आणि हाउसिंगचे १०० संच हवे होते, भाव आम्ही सांगू तो, आगाऊ रक्कम अर्धी. अंतिम वापरकर्ता कोण विचारलं तर ‘पोलीसच आहेत, देश नंतर सांगतो’. प्रमाणपत्राच्या रकान्यात खात्याचं नाव कोरं. बँकेतला हप्ता डोळ्यांसमोर होता, तरी कोटेशन पाठवलं नाही.

ड्रोन रोखायची यंत्रणा मोर्चाचं चित्रीकरण करणाऱ्या पत्रकाराचा ड्रोन पकडायलाही वापरता येते. रिमोट धरून उभ्या असलेल्या माणसाची नेमकी जागा ती दाखवते, म्हणून तिची ताकद दोन्हीकडं चालते. प्रत्येक चौकशीला मी आता पाच गोष्टी विचारतो: खात्याचं पूर्ण नाव, त्यांना यंत्रणा वापरायचा अधिकार देणारा कायदा, कुठल्या ठिकाणी बसणार, माल तिसऱ्या देशात जाणार नाही अशी लेखी हमी, आणि बसवल्यावर आम्हाला जागा पाहू देणार का. खरे पोलीस खाते पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं दोन दिवसांत देते. उत्तराऐवजी ज्याच्याकडून वाढीव भाव येतो, त्याची फाईल मी तिथंच बंद करतो.